कोंबडीचें दुखणें आणि घराचें दुःख

बैल गेला म्हणजे शेतकऱ्याच्या घरीं त्या दिवशीं घांस उतरत नाहीं, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. बैलाला पोळा आहे, गाईला वसुबारस आहे. त्यांच्या मरणाला घर रडतें आणि शेजारीपाजारी समाचाराला येतात. कोंबडीचें तसें नाहीं. तिला सण नाहीं आणि तिच्या मरणाचा समाचारही कोणी घेत नाहीं. ती मेली तर कोणी उचलून उकिरड्यावर टाकतो, कोणी ओढ्यांत भिरकावतो, आणि मरण्यापूर्वीं हातीं लागली तर कोणी कापून रश्श्याला घालतो. इतक्या अल्प मोलाच्या जीवासाठीं गुरांच्या डॉक्टरांकडे जावें, किंवा तिच्यासाठीं डोळ्यांत पाणी आणावें, ही गोष्ट पुष्कळांस हास्यास्पद वाटते. आम्हांसही ती तशीच वाटत असे. गेल्या उन्हाळ्यांत आमच्या घरीं जें घडलें त्यानें आमचें मत बदललें. आणि त्यांत चूक आमची असल्यामुळें ती येथें आडपडदा न ठेवतां लिहिणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

तांबडी

आमचें गांव नाशिकच्या पश्चिमेस, गंगापूर धरणाच्या वरच्या अंगास आहे. द्राक्षें आणि टोमॅटो हीं आमचीं बागाइती पिकें. कोंबड्या हा पुरुषांच्या लेखीं शेतीचा भागच नव्हे. घरच्या बायका त्या पाळतात, अंड्यांचा आलेला पैसा आपल्या गांठीला बांधतात, आणि आम्ही त्याचा हिशेब कधीं विचारीत नाहीं. आमच्या खुराड्यांत अशा चौदा गावरान कोंबड्या होत्या. त्यांतील एक तांबडी. तिच्या आईला मुंगसानें नेलें तेव्हां ती आठ दिवसांचें पिलूं होती. आमच्या नातीनें तिला टोपलींत चिंध्यांच्या उबेवर वाढविलें. नात तेव्हां सहा वर्षांची होती, ती आतां नऊ वर्षांची आहे. मोठी झाल्यावरही तांबडी नांवानें हांक मारली असतां वाफ्यांतून धांवत येई, मुलगी अभ्यासाला बसली कीं तिच्या मांडीशीं येऊन बसे, आणि अंडें घालावयाचें तें पडवींतील गोणपाटावरच घाली.

आमच्या वाचकांपैकीं कोणी विचारील, कीं ज्या घरांत रविवारीं कोंबडीचा रस्सा शिजतो त्याच घरांत एका कोंबडीचा लळा कसला? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर शेतकऱ्याला आपल्या गोठ्यांतच सांपडेल. आपण बाजारांत बैल विकतों आणि विकत घेतों. तरी जो बैल आपल्या दावणीला बारा वर्षें राहिला त्याला आपण नुसतें जनावर म्हणत नाहीं. ज्या जित्राबाला एकदां नांव दिलें तें कळपांतून निघून कुटुंबांत आलें. मुलांच्या हातून तें नांव कोंबडीलाही मिळतें, एवढाच काय तो फरक.

दुखणें कसें आलें

अक्षय्यतृतीयेला पाहुणे येणार म्हणून जवळच्या आठवडे बाजारांतून आम्हीं दोन कोंबड्या आणल्या. एक त्याच दिवशीं कापली. दुसरी दिसण्यांत बरी होती म्हणून अंड्यांसाठीं ठेविली आणि संध्याकाळीं खुराड्यांत सोडून दिली. तिसऱ्या दिवशीं ती पिसें फुलवून कोपऱ्यांत बसली, चौथ्या दिवशीं सकाळीं मेलेली आढळली. उन्हाची झळ लागली असेल असें आम्ही म्हणालों आणि गड्याकडून ती ओढ्यांत टाकविली. त्यानंतर पांचव्या दिवशीं आमच्या दोन कोंबड्या एकाच रात्रींत मेल्या आणि तांबडीनें दाणा सोडला.

ती डोळे मिटून बसूं लागली. चोंच उघडी ठेवून श्वास घेई, विष्ठा हिरवट-पांढरी व पातळ होई, पंख खालीं लोंबत. शेजाऱ्यांनीं नाना उपाय सांगितले. कोणी लसूण-हळद, कोणी दारूचे चार थेंब. आम्हीं घरांत उरलेली गुरांच्या औषधाची पूडही पाण्यांत कालवून पाहिली. ह्यांत दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशीं तिची मान एका बाजूस पिळली गेली आणि ती जागच्या जागीं गोल फिरूं लागली. तें पाहून आमच्या मातोश्री म्हणाल्या, "ही मानमोडी. आमच्या लहानपणीं ही आली म्हणजे आठ दिवसांत आळीच्या आळी मोकळी व्हायची. आतां हिला पाजूं नका, ठसका लागेल."

तेव्हां कोठें आम्ही तिला टोपलींत घालून गुरांच्या दवाखान्यांत गेलों. मुलगी हट्टानें बरोबर आली. डॉक्टरांनीं कोंबडी तपासली आणि सांगितलें, "ह्या रोगावर औषध नाहीं. असतें तर मीं दिलें असतें. ही पाणीही गिळूं शकत नाहीं; एकदोन दिवस अशीच तळमळेल. तिला सोडवायचें असेल तर तें माझ्या हातून होऊं द्या, आणि उरलेल्यांचा विचार करा." हा निर्णय मुलीवर टाकणें आम्हांस बरें वाटलें नाहीं. आम्हीं होकार दिला आणि तिला तो आमचा होकार असल्याचें सांगितलें. सुई दिल्यावर तांबडी थोड्याच वेळांत शांत झाली. पुढें आमच्या परवानगीनें डॉक्टरांनीं शवविच्छेदन केलें आणि जठराच्या आंतील अस्तरावर, ग्रंथींच्या टोकांशीं उठलेले रक्ताचे ठिपके आम्हांस दाखविले. मग त्यांनीं एकच प्रश्न विचारला, "इतक्यांत बाहेरून नवी कोंबडी आणली होती काय?"

त्या प्रश्नाचें उत्तर आमच्या जिभेवर असूनही तें देण्यास आम्हांस वेळ लागला.

आमच्या चौदांपैकीं नऊ कोंबड्या गेल्या. परंतु गोष्ट एवढ्यावर थांबली नाहीं. आमच्या सालगड्याचें घर ओढ्याच्या कांठीं आहे. त्याच्या सात कोंबड्यांपैकीं पांच त्याच आठवड्यांत मेल्या. आम्ही भरपाईचे पैसे घेऊन गेलों, ते त्याच्या बायकोनें घेतले, आणि रागावल्याशिवाय एवढेंच म्हणाली, "तात्या, तुमच्या कोंबडीला रडाया नात हाये. आमच्या कोंबड्या म्हंजी आमची मीठमिरची व्हती." कोंबडीचें मोल किती, हें आम्ही साठ वर्षें शेती करून जें शिकलों नाहीं तें त्या दिवशीं शिकलों.

मानमोडीची ओळख

ज्याला आपण मानमोडी म्हणतों त्याला डॉक्टर लोक राणीखेत रोग म्हणतात. हें नांव आपल्याच देशांतील गांवाचें आहे. १९२६ सालीं जावा बेटांत आणि इंग्लंडांतील न्यूकॅसल शहराजवळ कोंबड्यांची अशी मर प्रथम नोंदली गेली. १९२७-२८ च्या सुमारास कुमाऊंच्या डोंगरांतील राणीखेत येथें हाच रोग आढळला. म्हणून परदेशांत त्याचें नांव न्यूकॅसल आणि इकडे राणीखेत पडलें. पुढें १९४० नंतरच्या दशकांत त्याच कुमाऊंतील मुक्तेश्वरच्या सरकारी पशुरोग संस्थेंत ह्या रोगावरील लस तयार झाली, आणि तिचा उपयोग अद्याप सर्व देशांत चालू आहे. म्हणजे रोग ओळखला गेला त्याच मुलुखांत त्याचें निवारणही निघालें. आपल्या राज्यांत पुण्याच्या औंध येथील सरकारी संस्थेंत अशा लसी तयार होतात.

रोगाचें कारण एक विषाणु आहे. तो आजारी पक्ष्याच्या विष्ठेंतून, श्वासांतून, नाकातोंडाच्या स्रावांतून बाहेर पडतो, आणि माणसाच्या जोड्याला, टोपलीला, पाण्याच्या भांड्याला चिकटून दुसऱ्या घरीं जातो. शरीरांत शिरल्यापासून लक्षणें दिसेपर्यंत बहुधा पांचसहा दिवस जातात. दोन दिवसांत किंवा पंधरा दिवसांनींही तीं दिसूं शकतात. म्हणूनच बाजारांतील कोंबडी विकत घेतांना धडधाकट दिसते आणि घरीं येऊन आजारी पडते. विषाणूवर जंतुनाशक गोळ्यापुडींचा परिणाम होत नाहीं. आम्हीं पाण्यांत कालवून दिलेली पूड ही निव्वळ आमच्या मनाची समजूत होती. माणसाला ह्या रोगाचें भय थोडें. आजारी पक्षी हाताळणाराचे डोळे कांहीं दिवस लाल होऊन सुजतात, एवढेंच. तरीही हात साबणानें धुतल्यावांचून डोळ्यांस लावूं नये.

लस मात्र खात्रीची आहे आणि स्वस्त आहे. पिलूं पांच ते सात दिवसांचें असतां लासोटा अथवा एफ-१ जातीच्या लशीचा एक थेंब डोळ्यांत किंवा नाकांत सोडतात. चौथ्या आठवड्याच्या सुमारास लासोटा पुन्हां देतात. आठव्या आठवड्यांत मुक्तेश्वरी जातीची, म्हणजे आर-टू-बी ही लस टोंचतात. मोकळ्या फिरणाऱ्या गावरान कोंबड्यांस ती पुढें केव्हां द्यावी हें डॉक्टरांकडून ठरवून घ्यावें. मग आपल्याकडे ती दिली कां जात नाहीं? ह्याचें एक कारण असें, कीं लशीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांची असते, ती बर्फांत ठेवावी लागते आणि एकदां कालविली म्हणजे दोन तासांच्या आंत संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या घरधन्याला कुपी फोडणें परवडत नाहीं. परंतु वस्तींतील दहा घरें एकत्र आलीं तर शंभर कोंबड्या सहज होतात. जी गोष्ट एका घराला अवघड ती वस्तीला सोपी आहे.

प्रत्येक मरण मानमोडीचें नव्हे

कोंबडी आजारी पडली कीं मानमोडीच आली, असें मानून हात टेकणें हीही तेवढीच मोठी चूक आहे. तुऱ्यावर आणि डोळ्यांभोंवतीं खपल्या धरल्या तर त्या देवी होत. डोळे स्वच्छ ठेवून मऊ खाणें दिल्यास अशा पुष्कळ कोंबड्या उठतात, आणि देवीचीही लस मिळते. लहान पिलांच्या विष्ठेंत रक्त दिसलें तर ती रक्ती हगवण. तिच्यावर दवाखान्यांत औषध आहे, आणि खुराड्यांतील ओल काढली तर तिचा धोका कमी होतो. तलंग वारंवार कण्हत, शेपटी खालीं घालून बसली असेल तर अंडें अडकलेलें असतें. कोमट पाण्यांत तिचें बूड बुडवून उबेंत शांत ठेविल्यानें तें कित्येकदां मोकळें होतें. बारीक होत जाणाऱ्या कोंबडीला जंत असूं शकतात.

इतकेंच काय, मान पिळली गेली तरी तें लक्षण नेहमींच मानमोडीचें नसतें. ह्यासंबंधीं एक प्रसिद्ध गोष्ट आहे. १८९० च्या सुमारास जावा बेटांत आयकमन नांवाचा डच डॉक्टर बेरीबेरी ह्या रोगाचा शोध करीत होता. त्याच्या प्रयोगाच्या कोंबड्यांचे पाय एकाएकीं लुळे पडले आणि कांहीं महिन्यांनीं त्या तशाच बऱ्या झाल्या. चौकशींत असें निघालें, कीं मधल्या काळांत त्यांस लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरांतील उरलेला पांढरा सडीक भात घातला जात होता. पुढें नवा आचारी आला आणि त्यानें लष्कराचा भात कोंबड्यांस देण्याचें नाकारलें. भाताच्या कोंड्यांत असलेलें जें पोषक तत्त्व सडण्यांत निघून जातें, तें आज ब-१ जीवनसत्त्व म्हणून ओळखलें जातें, आणि तें न मिळाल्यास कोंबडीचे पाय लुळे पडतात व मान पाठीकडे ओढली जाते. ह्या शोधाबद्दल आयकमनला १९२९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. नुसता उरलेला पांढरा भात खाऊन राहिलेली कोंबडी मान वांकडी करूं लागली, तर ती मरणारच असें नाहीं; वेळेवर डॉक्टरांस दाखविली तर कदाचित् वांचेल. आम्हीं जे दोन दिवस लसूण-हळदींत घालविले ते ह्या दृष्टीनेंही अक्षम्य होते. तांबडी वांचली नसती हें खरें, पण तें आम्हांस त्या वेळीं ठाऊक नव्हतें.

कोंबडी आपलें दुखणें शक्य तोंवर लपविते, कारण रानांत दुबळा पक्षी आधीं मारला जातो. म्हणून पाहणाराची नजर तयार हवी. संध्याकाळीं खुराड्यांत शिरतांना गळ्याखालची पिशवी दाण्यानें भरलेली आणि सकाळीं रिकामी, हें निरोगी कोंबडीचें लक्षण. जी एकटी बसते, पिसें फुलविते, जिचा तुरा फिका किंवा निळसर पडतो, तिला त्याच क्षणीं वेगळी करावी. तिला कोरडी उबदार जागा, अंधुक उजेड आणि स्वच्छ पाणी एवढें द्यावें. चोंच उघडून बळेंच कांहीं ओतूं नये, तें श्वासनलिकेंत जाऊन ती गुदमरते.

झांकलेलें कोंबडें

आपल्या भाषेंत म्हण आहे, कीं कोंबडें झांकलें म्हणून तांबडें फुटावयाचें रहात नाहीं. ह्या म्हणीचा अर्थ आपल्या नाशिक महसूल विभागाला २००६ सालीं फार महाग पडून समजला. त्या वर्षीं फेब्रुवारीच्या १८ तारखेस नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें बर्ड फ्ल्यू असल्याचें जाहीर झालें. हिंदुस्थानांत त्या रोगाची ती पहिलीच नोंद. पुढल्याच महिन्यांत जळगांव जिल्ह्यांतील घरगुती कोंबड्यांत तो निघाला. रोग एका जागीं अडविण्यासाठीं भोंवतालच्या ठराविक टापूंतील सर्वच पक्षी मारावे लागतात. त्याप्रमाणें लाखों कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. त्यांत मोठ्या पोल्ट्र्यांतील पक्षी होते तसे अंगणांतील चारदोनही होते, आजारी होते तसे दिसावयास निरोगीही होते. सरकारनें मोल दिलें; परंतु अंड्यांचे व कोंबड्यांचे भाव राज्यभर कोसळले, आणि ज्यांच्या घरीं रोगाचें नांवही नव्हतें तेही बुडाले. पुढें जानेवारी २०२१ मध्यें परभणी जिल्ह्यांतील मुरुंबा येथें आणि फेब्रुवारींत पुन्हां नवापुरास तोच रोग आला. जानेवारी २०२५ मध्यें लातूर जिल्ह्यांतील उदगीर येथें कावळे मरूं लागले, तेव्हांही तपासांत हाच रोग निघाला.

पाळलेली, नांवाची कोंबडी डोळ्यांसमोर निरोगी असतां सरकारी माणसाच्या हातीं द्यावी लागणें, ह्यासारखा कठीण प्रसंग थोडा. ती माळ्यावर किंवा डालग्याखालीं झांकून ठेवावी असें कोणास वाटलें तर त्याला आम्ही निर्दय म्हणणार नाहीं. उलट त्याच्या हृदयांत माया आहे म्हणूनच तो तसें करूं पाहतो. परंतु त्या मायेची किंमत शेजाऱ्याच्या घराला द्यावी लागते. शिवाय बर्ड फ्ल्यू मानमोडीसारखा माणसाला निरुपद्रवी नाहीं. आपल्या देशांत २०२१ सालीं दिल्लीच्या रुग्णालयांत एक लहान मुलगा ह्याच रोगानें गेला. ज्या मुलाच्या लोभानें कोंबडी झांकावयाची, त्याच मुलाच्या जिवाशीं तो खेळ होतो.

मानमोडी आणि बर्ड फ्ल्यू ह्यांतील फरक नुसत्या डोळ्यांनीं ओळखतां येत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें. तो प्रयोगशाळेंतच कळतो. बर्ड फ्ल्यूचा अखेरचा निर्वाळा भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेंतून येतो. म्हणून कोंबड्या एकाएकीं मरूं लागल्या, अथवा गांवांत कावळे मेलेले आढळले, तर त्याच दिवशीं ग्रामपंचायतींत किंवा गुरांच्या दवाखान्यांत कळवावें. १९६२ ह्या क्रमांकावर दूरध्वनि केला तरी चालतो. २००९ च्या पशुरोग प्रतिबंधक कायद्याप्रमाणें असे रोग कळविणें हें मालकाचें कर्तव्यच आहे. परंतु कायद्याच्या भीतीपेक्षां आमच्या सालगड्याच्या बायकोचे शब्द आम्हांस अधिक बोचले, आणि वाचकांसही तेच पुरे व्हावे.

दुःखाचें काय करावें

आतां ज्या गोष्टीविषयीं शेतकीच्या मासिकांत सहसा लिहिलें जात नाहीं तिच्याविषयीं दोन शब्द लिहितों. तांबडी गेली त्या रात्रीं नातीनें आम्हांस विचारलें, "मी तिला परवां उन्हांत सोडली म्हणून ती गेली का?" आम्ही सांगणार होतों, कीं तिचें आयुष्य तेवढेंच होतें. तें सांगणें सोपें होतें. त्यांत मुलीचें समाधान झालें असतें आणि आमची चूकही झांकली गेली असती. परंतु दिवसभर झांकण्याचे परिणाम पाहिल्यावर आणखी एक झांकण घालवेना. आम्हीं तिला खरें सांगितलें, कीं बाजारांतून आणलेल्या कोंबडीबरोबर रोग आला. ती आम्हीं वेगळी ठेवावयास हवी होती, लस टोंचून घ्यावयास हवी होती, आणि ह्यांत तुझें कांहीं चुकलें नाहीं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आणि ती मेलेली कोंबडी ओढ्यांत कां टाकली?" ह्याचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें, आणि नाहीं असेंच आम्हीं सांगितलें.

मूल जनावराच्या मरणानें रडतें तेव्हां वडील माणसें त्याला हंसतात, किंवा "दुसरी आणूं" असें म्हणतात. अनुभवानें आमचें मत असें झालें आहे, कीं दोन्ही गोष्टी करूं नयेत. मूल पहिला मृत्यु बहुधा अशाच एखाद्या मुक्या जिवाचा पाहतें. त्या वेळीं घर त्याच्याशीं खरें बोललें तर पुढच्या मोठ्या दुःखांतही तें घरावर विश्वास ठेवितें. ती विकली, ती उडून गेली, अशा थापा मारूं नयेत. त्या उघडकीस येतात. आपल्यामुळें ती मेली काय, हा प्रश्न मूल मनांत ठेवितें आणि विचारीत नाहीं. म्हणून न विचारतांही त्याचें उत्तर द्यावें. पुरतांना त्याला दूर उभें राहूं द्यावें, एखादें फूल टाकूं द्यावें; मृत पक्ष्याला मात्र उघड्या हातानें शिवूं देऊं नये.

दुसरी कोंबडी लगेच आणूं नये, ह्याला शास्त्राचाही आधार आहे. रोग होऊन गेलेलें खुराडें खरवडून, धुवून, चुना लावून निदान महिनाभर उन्हांत रिकामें ठेवावें लागतें. तेवढा काळ मनालाही लागतो. रिकामें खुराडें रोज दिसतें, तें बोचतें. पण तें रिकामें ठेवणें हीच पुढल्या पिलांची सुरक्षितता आहे असें सांगितलें म्हणजे मूलही तें समजून घेतें. आणि ज्याला आपली चूक सलते आहे, त्यानें सलणें मुकाट्यानें गिळण्यापेक्षां कामाला लागावें.

करावयाच्या गोष्टी

नवी कोंबडी घरीं आणली तर ती किमान तीन आठवडे वेगळ्या जागीं ठेवावी, तिचीं भांडीं वेगळीं असावीं, आणि तिला दाणापाणी सर्वांच्या शेवटीं द्यावें. आजारी कोंबडी कापून खाऊं नये, आणि घाईनें बाजारांत नेऊन विकूं तर मुळींच नये. आम्हांस ती कोंबडी विकणारानेंही बहुधा हेंच केलें असावें, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार ओढ्यांत प्रेत टाकणाऱ्या आम्हांस नाहीं. मेलेला पक्षी विहिरीपासून व ओढ्यापासून दूर, तीन फूट खोल खड्ड्यांत चुना पसरून पुरावा, म्हणजे कुत्रीं तो उकरणार नाहींत. त्या दिवशीं दुसऱ्याच्या कोंबड्यांत पाऊल टाकूं नये. जी कोंबडी वांचणार नाहीं आणि तळमळते आहे, तिची यातना डॉक्टरांच्या हातून संपवावी. दैवावर सोडून पाहत बसणें ही दया नव्हे.

आमच्या वस्तींत पावसाळ्याआधीं एका पहाटे, कोंबड्या खुराड्यांतून सोडण्यापूर्वीं, सर्व घरांतील कोंबड्यांस डॉक्टरांकडून लस टोंचून घेतली. एकशें अकरा पक्षी झाले, आणि खर्च प्रत्येक घरास एका चहाच्या किंमतीइतकाही आला नाहीं. पहिली कुपी आम्हीं सालगड्याच्या अंगणांत फोडविली. कोणत्या घरच्या किती कोंबड्या, कोणत्या तारखेस लस, पुढची केव्हां, हें आमची नात एका वहींत लिहून ठेविते. तिनें अजून नवें पिलूं मागितलेलें नाहीं, आणि आम्हींही तो विषय काढलेला नाहीं.

वाचकांस आमची नम्र विनंती एवढीच, कीं हा अंक हातावेगळा करण्यापूर्वीं आपल्या वस्तींतील कोंबड्या मोजाव्या आणि जवळच्या दवाखान्यांत जाऊन लशीचा दिवस ठरवावा. आपल्याच घरच्या कोंबड्या तेवढ्या मोजूं नयेत. गड्यांच्या अंगणांतील आधीं मोजाव्या.